कळसूबाईचा अर्धा दगड

सोमनाथ डगळेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या जिन्याच्या कोपऱ्यात उकिडवा बसून जुन्या टूथब्रशने धूळ काढत होता. घरमालकीण फ्राऊ बॉयर्ले त्याच्या डोक्याशी उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी चार वर्षांत कधी न पाहिलेलं समाधान होतं. जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या त्या तीन मजली घरात आम्ही मधल्या मजल्यावर राहायचो. मी आणि माझा नवरा अनिरुद्ध, दोघंही पुण्याचे. मी सॉफ्टवेअरमध्ये, तो शेजारच्या झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात. आमची मनू तेव्हा सहा वर्षांची होती.

त्या मुलखात केअरवोख नावाचा एक कडक कुळाचार आहे. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर एक लाकडी पाटी अडकवली जाते, आणि त्या आठवड्यात त्याने जिना, तळघर, फाटकापर्यंतची फरशी सगळं झाडून-पुसून काढायचं. बर्फ पडला तर तोही उपसायचा. आम्ही पडलो पुणेकर. पाटी लागली की आमच्या घरात आधी वाद व्हायचा, आणि जो हरेल तो धुळीला इकडून तिकडे फिरवून आणायचा. फ्राऊ बॉयर्ले मग कोपऱ्यात बोट फिरवून ते बोट आम्हाला दाखवायच्या.

त्या दिवशी मी मनूवर "आधी बूट काढ!" म्हणून ओरडले, तसा कोपऱ्यातला माणूस टूथब्रशसकट उभा राहिला.

"नमस्कार ताई. मी डगळे. खालच्या खोलीत आलोय, कालच."

बुटका, काळासावळा, अंगाने काटक, आणि हसला की डोळे पूर्ण मिटायचे. तुबिंगनच्या विद्यापीठात तो दगडांच्या अभ्यासात पीएच.डी. करत होता. तिथे खोली मिळेना, म्हणून रोज हेरेनबर्गला गाडी बदलून जायचा-यायचा. आमच्याकडे तळघरातली खोली रिकामी होती. तिची खिडकी जमिनीच्या पातळीवर होती, त्यामुळे आतून फक्त गवत आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट दिसायचे. मला त्याची कीव आली. तो म्हणाला, "आमचं गावच डोंगराच्या पायाशी हाय. खाली राहून वर बघायची सवय हाय आपल्याला."

त्याच संध्याकाळी त्याला चहाला बोलावलं. कुठचा डोंगर, असं अनिरुद्धने विचारलं आणि उत्तर ऐकून तो सोफ्यावरून उडालाच.

"कळसूबाई? अरे, आम्ही केलीय ना! कॉलेजात असताना. पावणेतीन तासांत वर. फोटो आहेत, थांब."

सोमनाथने फोटो मन लावून पाहिले. शिड्यांवरचे, साखळीला धरलेले, वर पोचल्यावर हात पसरलेले. मग अगदी साधेपणाने विचारलं, "भेटली का?"

"कोण?"

"बाई."

अनिरुद्ध गोंधळला. वरच्या देवळात गेला होतास का, असं मी त्याला विचारलं. तो आठवू लागला. गर्दी होती, भूक लागली होती, कुणाच्या तरी डब्यात ठेपले होते. देवळाचं काही आठवेना. सोमनाथने विषय वाढवला नाही. चहाला आलं घातलंय म्हणून त्याला फार बरं वाटलं, तेवढंच बोलून तो खाली गेला.

पण त्या एका प्रश्नाने आम्ही दोघं जरा ओशाळलो. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर म्हणून अनिरुद्धने ते करून टाकलं होतं. आणि या माणसासाठी ते घरातलं एक थोरलं माणूस होतं. तो महादेव कोळी. बारी गावचा. आजोबा, पणजोबा, जेवढे माहीत तेवढे सगळे त्याच डोंगराच्या सावलीत जन्मून तिथेच गेलेले. शेत पेरायच्या आधी तिला सांगायचं, लग्न ठरलं की तिला सांगायचं, म्हैस व्याली तरी तिला सांगायचं. आश्रमशाळेत ॲडमिशन मिळाली तेव्हा आईने त्याला आधी वर नेलं होतं, मग शाळेत. जर्मनीचा व्हिसा आल्यावरही तसंच. काहीही ठरवताना तो "बघू, ती काय म्हणती" म्हणायचा. सुरुवातीला आम्हाला वाटलं घरी बायको आहे.

मनूला त्याने तिची गोष्ट सांगितली ती जिना झाडताना. मनू वरच्या पायरीवर बसलेली, आणि हा पायरीपायरीने खाली सरकत झाडतोय. कळसू ही त्यांच्यातलीच एक मुलगी. पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण आधीच अट घातली, की मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी म्हणाल ते करीन. पुष्कळ दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एकदा घरात पाहुणे आले आणि कुणीतरी तिला भांड्यांना बसवलं, केरही काढायला लावला. तिने भांडी घासली, केर काढला, आणि निघाली ती थेट डोंगरावर. परत खाली आली नाही. भांडी घासली ती जागा आम्ही अजून दाखवतो, म्हणाला, अन् केर टाकला तो दरा बी.

मनूला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं जर्मनमध्येच. तिने गंभीरपणे जर्मनमध्ये सांगितलं, "म्हणजे तिने राजीनामा दिला."

"गेनाऊ, अगदी!" सोमनाथ एवढ्यांदा हसला की फ्राऊ बॉयर्ले दार उघडून बघायला आल्या. "आमच्या गावात एवढं बरोबर कुणी सांगितलं नव्हतं. आन् मी बघ मनू, तिच्या डोंगरावरनं जर्मनीत आलो, केर काढायला."

हे तो हसत म्हणाला. त्यात एक काटा होता, तो मला नंतर कळला.

तो ज्या दगडावर काम करत होता तो कळसूबाईच्या माथ्यावरचा होता. मला एकदा त्याने तुबिंगनला नेऊन दाखवला. शहाळ्याएवढा दगड होता, तो मधोमध कापलेला. अर्ध्याची भुकटी करून आम्लात विरघळवली होती, त्याआधी त्याचाच एक पापुद्रा कागदाहून पातळ घासून काचेवर चिकटवला होता. उरलेला अर्धा एका खोक्यात, नंबर घालून. सूक्ष्मदर्शकाखाली तो पापुद्रा ठेवून त्याने मला "बघा" म्हणून सांगितलं. काळा ठिक्कर दगड, आणि आत राखाडी-पांढऱ्या काड्यांची दाटी, मध्येच पिवळे, निळे, जांभळे तुकडे. चकती फिरवली की रंग विझायचे आणि दुसरीकडे पेटायचे.

"लोक म्हणत्यात ज्वालामुखी," तो माझ्या शेजारी उभा राहून सांगत होता. "पण आमच्या बाईला तोंड नाय. जमिनीला भेगा पडल्या, त्यातनं लाव्हा आला. थरावर थर बसले. मंग पावसानं वरनं कोरत आणलं. सगळं वाहून गेल्यावर जे उरलं, ती आमची बाई."

मी म्हटलं, किती सुंदर आहे रे. त्याने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. मग म्हणाला, "ताई, हा मी आणायला नको होता."

त्यांच्या घरात आजीचा एक नियम होता. डोंगरावरून गवत आणावं, कारवी आणावी, मध आणावा, पाणी आणावं. माथ्यावरचा दगड मात्र खाली आणायचा नाही. सोमनाथला नियम माहीत होता. पण प्रकल्पाला सगळ्यात वरच्या थराचा नमुना हवा होता, आणि त्याला वाटलं की दुसऱ्या कुणी हातोडा मारण्यापेक्षा आपण मारलेला बरा. आई सोबत वर आली होती. तो दगड फोडत असताना ती देवळाच्या पायरीवर बसून बघत होती. घरी आल्यावर भाकरी वाढताना म्हणाली, "आता तू ह्यो परत आणशील तवा मी वर येईन. तवर न्हाय."

लग्न होऊन आल्यापासून त्या माउलीचं एकही नवरात्र वर गेल्याशिवाय गेलं नव्हतं. सोमनाथ पोटात असतानासुद्धा ती शिड्या चढली होती. आता दोन नवरात्रं ती पायथ्याशी उभी राहून हात जोडत होती, आणि तिचे गुडघे काही थांबून राहणार नव्हते. "आई रागावली असती तर बरं होतं," सोमनाथ म्हणाला. "भांडून मोकळा झालो असतो."

मी म्हटलं, घेऊन जा मग सरळ, काय त्यात. आमच्या पुणेरी डोक्याला असले मार्ग पटकन सुचतात. पण तो अर्धा दगड म्हणजे राखून ठेवायचा नमुना होता. प्रबंध छापून झाल्यावरही दहा वर्षं संग्रहात राहायचा. त्यावर सोमनाथने सही केलेली. "एकदा न विचारता आणला," तो म्हणाला, "आता न विचारता नेऊ?"

दर रविवारी दुपारी बाराला तो आईला फोन करायचा. धाकट्या भावाने मोबाईल घेतला होता, पण गावात रेंज यायची नाही. त्यासाठी डोंगराच्या पहिल्या टप्प्यापर्यंत चढावं लागायचं. फोनच्या निमित्ताने का होईना, आई तेवढी चढायची. तिथून माथा दिसतो. सोमनाथ आधी विचारायचा, "दिसती का?" कधी ढग असायचे, कधी लख्ख दिसायची. तसं त्याचा पुढचा आठवडा कसा जाणार ते ठरायचं. आपल्या खोलीत त्याने होकायंत्र लावून बारीची दिशा काढली होती आणि खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली होती. साधारण पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे सरकलेली. सकाळी ब्रश करताना तो त्या रेघेकडे तोंड करून उभा असायचा. समोर दिसायचं काय, तर गवत आणि फ्राऊ बॉयर्ल्यांच्या चपला.

एका उन्हाळ्यात आम्ही त्याला गाडीत घालून हेगाऊला गेलो. तिथे सपाटीतून एकाएकी वर आलेले ज्वालामुखीचे सुळके आहेत, एकावर पडका किल्ला. फ्राऊ बॉयर्ले पण आल्या होत्या, त्यांचं माहेर तिकडचं. सोमनाथ गाडीतून उतरला, मान वर केली आणि त्याचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. वर चढल्यावर त्याने खडकावर तळवा टेकवला आणि फ्राऊ बॉयर्ल्यांना विचारलं, इथे कोण राहतं?

बाईंनी किल्ल्याचा सगळा इतिहास सांगितला. कोण सरदार, कुणी वेढा दिला, कुणी सुरुंग लावले.

"आल्झो, म्हणजे त्याच्या आधी?"

त्याच्या आधी कुणी नव्हतं, बाई म्हणाल्या. नुसता डोंगर होता.

सोमनाथने मान डोलावली. आम्ही पुढे गेल्यावर मात्र त्याने खिशातून खडीसाखरेचे चार खडे काढून खडकाच्या कपारीत ठेवले. मी पाहिलं हे त्याला कळलं. "असंल की कुणीतरी," तो म्हणाला. "परक्याच्या घरी गेलो तरी नमस्कार करतोच ना आपण." परत येताना गाडीत सगळे झोपले, हा एकटा मागच्या काचेतून ते सुळके दिसेनासे होईपर्यंत बघत होता. मला त्या दिवशी त्याचा हेवा वाटला, हे कबूल करते. मलाही घरची आठवण यायची, पण ती कशाची म्हणून विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं. भाजीवाल्याची, रिक्षाच्या आवाजाची, आईच्या हातच्या आमटीची. मागच्या काचेतून बघत बसावं असं एक काहीतरी माझ्यापाशी नव्हतं.

त्याच वर्षीच्या नवरात्रात ती गोष्ट घडली.

माझ्या सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. त्यांनी येताना अख्खं देवघर आणलं होतं. बिस्किटांच्या ट्रेमध्ये माती घालून घट बसवला होता आणि हीटरच्या उबेने गहू टरारून वर आले होते. सोमनाथवर त्यांचा जीव जडला होता. तो त्यांना मावशी म्हणायचा, आणि त्यांच्या मते या घरात केर काढायची अक्कल असलेला तो एकच माणूस होता.

सोमनाथने आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकबाईंची रीतसर परवानगी काढून, चिठ्ठीवर सही करून, नऊ दिवसांपुरता तो अर्धा दगड घरी आणला होता. पूजा करायची सोय नव्हती. पुढच्याच महिन्यात त्या दगडातलं शिसं मोजायचं होतं. त्यावरून लाव्हा किती खोलातून आला ते कळतं. प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण ते. बोटाचा डागसुद्धा चालणार नव्हता, म्हणून तो हातमोजे घालून दगड उचलायचा आणि हातभर लांब पणती लावायचा. मध्येच त्याला विद्यार्थ्यांना घेऊन चार दिवस आयफेलच्या डोंगरांत जावं लागलं. खोक्यासकट तो आमच्या दारात आला.

"ताई, नवरात्रात तिला एकटं ठेवायचं नाय. तुमच्याकडं राहू दे. फकस्त हात लावू नका, लागलाच तर हे मोजे."

मी दगड पुस्तकांच्या कपाटावर ठेवला आणि सासूबाईंना म्हटलं, "अहो आई, हा सोमनाथचा कळसूबाईचा दगड. जीव की प्राण आहे त्याचा." आणि ऑफिसला गेले. हात लावू नका हे सांगायचं राहिलं असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. सासूबाईंना अमुक करू नका असं सांगायला मी बिचकायचे.

संध्याकाळी घरी आले तर उदबत्तीचा वास. दगड घटाशेजारी पाटावर बसलेला. करवतीने कापलेली गुळगुळीत बाजू पुढे, तिला तेलात कालवलेला शेंदूर थापलेला, आणि त्यावर मेणाने चिकटवलेले चांदीचे डोळे. सासूबाईंनी ते घरच्या देवीसाठी आणले होते.

"सपाट बाजूला छान बसले गं," त्या म्हणाल्या. "देव असा कोरडा ठेवतात का? पोरगा एकटा, त्याला कोण सांगणार!"

शेंदूर म्हणजे शिशाचीच भुकटी, हे मला सोमनाथनेच कधीतरी सांगितलं होतं. अनिरुद्धने साबणाचं नाव काढलं. मी त्याला गप्प केलं. तो दगड बारीक भोकांचा होता, तेल आत शिरून बसलं होतं. सासूबाईंना मी समजावून सांगितलं तेव्हा त्या एकदम लहान झाल्या. रात्री जेवल्या नाहीत. "त्याच्या शिक्षणाचं वाटोळं केलं मी," एवढंच म्हणत राहिल्या.

चौथ्या दिवशी तो परतला. बूट काढून, मोजे सरळ करून आत आला आणि पाटासमोर थबकला. आम्ही तिघं ओळीने उभे होतो. सोमनाथ हळूहळू खाली बसला. बराच वेळ त्या चांदीच्या डोळ्यांकडे पाहत होता. मग त्याने उघड्या हाताने, मोजे न घालता, तो दगड उचलला आणि मांडीवर घेतला. त्याच्या शर्टाला शेंदूर लागला. तो रडत होता की हसत होता ते मला आजही सांगता येणार नाही, कारण डोळे दोन्ही वेळेला मिटलेलेच असायचे.

"दोन वरसांत पहिल्यांदा हात लावला बघा मावशी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सासूबाईंनी हट्टच धरला की मला तुझ्या आईशी बोलायचंय, मी तिची माफी मागणार. फोन लागला. स्पीकरवर वाऱ्याचा आवाज, आणि त्यातून दम लागलेला एक खणखणीत आवाज. सासूबाईंनी सगळं सांगितलं, शेंदूर, तेल, डोळे, काही लपवलं नाही.

पलीकडे आईने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "डोळं बी लावलं? लई ब्येस केलंत बाई. उघडीच व्हती वो ती दोन वरसं, परमुलखात. कुणी तेल न्हाय का फूल न्हाय."

सासूबाईंना हुंदका आला. पलीकडून काळजीने प्रश्न आला, "रडू नका वो. तुमचा डोंगर कंचा?"

सदाशिव पेठेत जन्म गेलेल्या माझ्या सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. जरा वेळ विचार करून म्हणाल्या, "पर्वती."

"हां, मंग तिला सांगा. ती बघंल."

सोमवारी सोमनाथ दगड घेऊन प्राध्यापकबाईंकडे गेला. सगळं खरं सांगितलं. त्यांना आधी कळेचना. जर्मनीत शेंदराला मेनिगं म्हणतात आणि तो लोखंडी पुलांना गंज लागू नये म्हणून फासतात. शिसं मोजायच्या दगडाला कुणी मेनिगं का फासेल? सोमनाथने सांगितलं, "आमच्याकडे ज्यांना जपायचं त्यांना फासतात." बाई समंजस होत्या. म्हणाल्या, तिकीट प्रकल्पातून देते, जा आणि त्याच जागेवरून दुसरा तुकडा आण. दोन आठवड्यांचं काम.

तो नाही म्हणाला. पुन्हा हातोडा मारणार नाही. त्याची किंमत त्याला माहीत होती. सगळ्यात मोठं प्रकरण प्रबंधातून गेलं. पुढची दोन वर्षांची नोकरी त्या प्रकरणावर अवलंबून होती, ती दुसऱ्या मुलाला मिळाली. अनिरुद्धने त्याला पुष्कळ समजावलं, की अरे करिअरचा प्रश्न आहे, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस. सोमनाथ शांतपणे म्हणाला, "दादा, विचारलं मी तिला. ती म्हणती, एवढं पुरे." नासलेला नमुना म्हणून तो अर्धा दगड यादीतून खोडला गेला. विल्हेवाट लावण्याचा एक फॉर्म असतो, त्यावर कशी लावणार असा रकाना असतो. सोमनाथने तिथे लिहिलं, जागेवर ठेवून. काचेवरचा पापुद्रा मात्र संग्रहातच राहिला, तो त्याने मागितला नाही. आईला तसं कळवलं, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिला बी जग बघू दे जरा."

प्रबंध पुरा करायला आणखी वर्ष गेलं. सप्टेंबरमध्ये तो निघाला. निघण्याच्या दिवशी त्याची पाळी नव्हती, तरी त्याने टूथब्रश घेऊन सगळा जिना काढला. फ्राऊ बॉयर्ल्यांनी कोपऱ्यात बोट फिरवलं नाही. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

श्टुटगार्टच्या विमानतळावर आम्ही सोडायला गेलो. सामान चेक-इनला दिलं, पण दगड जवळ. आईने दिलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, पाठीची पिशवी उलटी छातीवर अडकवून. तो म्हणाला, "एक सांगतो, राग मानू नका. देवाला वर घेऊन निघालं की जागेवर ठेवेस्तोवर आमच्यात मागं वळून बघत नाय. मी बघणार नाय." काचेपलीकडे तपासणीवाल्याने पिशवी उघडायला लावली. शेंदरी दगड, चांदीचे डोळे. त्या माणसाने दुसऱ्याला बोलावलं, दोघांनी काही विचारलं, सोमनाथने काही सांगितलं. काय ते ऐकू आलं नाही. तपासणीवाल्याने ते लुगडं स्वतः, कोपरे जुळवून, परत गुंडाळून दिलं. मनू काचेला नाक लावून "सोमनाथ! च्युस!" ओरडत होती. त्याने पिशवी छातीशी धरली आणि चालू लागला. मान ताठ, पावलं डोंगर चढणाऱ्याची, सावकाश. त्याने मागे पाहिलं नाही. माहीत असूनही आम्ही तो दिसेनासा होईपर्यंत हात हलवत होतो, आणि माहीत असूनही मला वाईट वाटलं.

तीन आठवड्यांनी नवरात्रातला रविवार आला. केअरवोखची पाटी आमच्या दारावर होती आणि वादात मी हरले होते. दुपारी बारा वाजता मी तळघराच्या पायऱ्या झाडत होते. कोपऱ्यांसकट. कॉर्डलेस फोन ॲप्रनच्या खिशात वाजला.

आधी नुसता वारा. मग घंटा, एकामागून एक. मग कुणाचा तरी मोठ्यामोठ्याने चाललेला श्वास, आणि त्या श्वासातच ती खणखणीत बाई काहीतरी म्हणत होती. माझ्याशी नव्हे. शब्द कळत नव्हते, पण दोन-तीन वर्षांचं सगळं एका दमात सांगायचं असावं असं ती बोलत होती. म्हैस, पाऊस, गुडघे.

"ताई," सोमनाथचा आवाज आला. "आई चढली. शेवटच्या शिडीला मी मागनं धरली, पण चढली तिच्या पायानं. आन् हिला ठेवली जागेवर." मग म्हणाला, "आता मागं बघितलं तरी चालतंय. तुमच्याकडंच तोंड करून उभा हाय मी. हात करा."

खालची खोली अजून रिकामीच होती. मी आत गेले. भिंतींना नवा रंग दिला होता, पण खिडकीच्या चौकटीवरची पेन्सिलीची रेघ फ्राऊ बॉयर्ल्यांनी पुसली नव्हती. समोर नुसतं गवत. मी झाडू भिंतीला टेकवून ठेवला, त्या रेघेसमोर उभी राहिले आणि हात हलवला.

पलीकडून तो म्हणाला, "दिसला."